डोक्यावरून वाहता येईल एवढं घर

कारवी सात पावसाळे नुसती वाढते. राजगड-तोरण्याच्या निसरड्या वाटांवर पाय घसरला की माणूस जिच्या काठ्यांना धरून सावरतो, तीच ही. आठव्या वर्षी श्रावण-भाद्रपदाच्या सुमारास अख्खा उतार एकदम निळा-जांभळा होतो, मधमाश्यांची चंगळ होते, बी धरतं आणि मग सगळी झुडपं एकजात मरून जातात. शेजारच्या खोऱ्यातली कारवी वेगळ्या वर्षी फुलेल, पण एका डोंगरावरच्या बहुतेक जणी एकाच वर्षी. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात २००८, २०१६ आणि २०२४ असा हिशेब तिनं चोख पाळला. वनस्पतिशास्त्रात तिचं नाव स्ट्रोबिलँथस कॅलोसा, कूळ अडुळशाचं. पंचांग नाही, घड्याळ नाही, आणि तरी आठ मोजून फुलायचं.

तिचं मरण म्हणजे गोष्टीचा शेवट नाही. त्यानंतर तिची भिंत होते.

भोर आणि वेल्हे (वेल्ह्याचं नाव आता राजगड तालुका) इथल्या डोंगरातल्या जुन्या वाड्यांवर, कोळ्यांच्या, धनगरांच्या, कातकऱ्यांच्या वस्त्यांवर, कुडाचं घर अजून कुठेकुठे दिसतं. सध्या शहरात ‘टायनी हाऊस’चं वेड आहे. आपल्या हातानं बांधलेलं, दोन-तीनशे चौरस फुटांचं, कमी सामानाचं घर, आणि त्यात सुखानं राहणं. या वेडाचे फोटो पाहून मन हरखलेल्या प्रत्येकानं आधी या कुडाच्या घराकडे नीट पाहावं असं मला वाटतं. कारण ते लहान का आहे याचं कारण कळलं, की साधं राहणं म्हणजे काय याचा बराच उलगडा होतो.

आधी भिंत बघू. जमिनीत मेढी रोवायच्या, म्हणजे वर दुबेळकं असलेले खांब. त्यांवर आडवी लाकडं, मधोमध आढं, आढ्यावरून दोन्हीकडे उतरणारे वासे. छपराचा सगळा भार या सांगाड्यावर, भिंतीवर नाही. ही बाब नीट लक्षात ठेवायची. मग मेढींच्या मधल्या जागेत कारवीच्या काठ्या उभ्या लावायच्या, एकीला एक खेटून, आणि आडव्या पट्ट्यांनी आवळून बांधायच्या. काठी अंगठ्याएवढी जाड, सरळ, पुरुषभर उंच आणि वजनाला अगदी हलकी. झाला कुड. त्याला आतून-बाहेरून मातीचं लिंपण.

माती कुठलीही चालत नाही. खोऱ्यातल्या काळ्या मातीत असलेली चिकणमाती पाणी प्याली की फुगते आणि वाळली की आकसते, त्यामुळे भिंतीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. डोंगरावरची तांबडी माती तशी नाही. तिच्यातल्या चिकणमातीचे कण पाण्यानं फारसे फुगत नाहीत. पारख करायला प्रयोगशाळा लागत नाही. पारदर्शक बाटलीत मूठभर माती आणि पाणी घालून हलवायचं आणि रात्रभर ठेवायचं. सकाळी तळाशी रेती, तिच्यावर गाळ, सर्वांत वर चिकणमाती असे थर दिसतात. चिकणमाती पाचवा ते चौथा हिस्सा असली की काम होतं. रेती सांगाडा धरते आणि चिकणमाती तिला चिकटवते. त्यात भाताचा पेंढा बारीक करून घालायचा, शेण घालायचं आणि चिखल पायांनी तुडवून काही दिवस मुरत ठेवायचा. मुरताना त्याला एक आंबूस वास येतो, कारण आत जिवाणू कामाला लागलेले असतात आणि त्यांच्यामुळे चिखल चिकट होत जातो. शेणाचं गुपितही तितकंच सरळ आहे. गाईला न पचलेले गवताचे बारीक तंतू त्यात असतात, आणि ते मातीत शिरले की भेग पुढे सरकत नाही. म्हणजे भिंतीला लागणारा तंतू दळायची गिरणी गाईच्या पोटात आहे.

आता थोडं गणित. वीस बाय पंधरा फुटांचं, म्हणजे ३०० चौरस फुटांचं घर धरा. भिंती सात फूट उंच. दारं-खिडक्या वजा जाता कुडाची तीन इंच जाडीची भिंत साधारण साडेपाच टन भरते. तीच भिंत नऊ इंची विटेची केली तर एकोणीस टनांच्या घरात जाते. हा फरक नुसता पैशाचा नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला तेव्हा लातूर-उस्मानाबादकडच्या गावांत जाड दगडमातीच्या भिंती आणि वरची मातीची जड माळवदं झोपलेल्या माणसांवर कोसळली. सुमारे दहा हजार माणसं गेली. त्यानंतर ‘मातीचं घर’ म्हटलं की महाराष्ट्राच्या अंगावर काटा येतो, आणि ते स्वाभाविक आहे. पण तिथे माणसं मातीनं नव्हे, वजनानं मारली. कुडाच्या घरात भार लाकडाच्या सांगाड्यावर असतो, भिंत नुसती आडोसा असते, आणि जमीन हलली तर सगळं मिळून डुलतं. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या धक्क्यानंतर सह्याद्रीच्या माणसाला भूकंप ही काही ऐकीव गोष्ट राहिलेली नाही.

छपराची गंमत याहून मोठी आहे. घाटमाथ्यावर पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटर आणि त्याहून जास्त पाऊस पडतो. पुणे शहराची सरासरी सातशेच्या आसपास. म्हणजे ज्या शहरातून माणूस ‘निसर्गात’ राहायला निघतो, त्याच्या चौपट पाऊस त्याची वाट पाहत असतो. आणि या पावसाला शतकानुशतकं तोंड दिलं ते वाळक्या गवतानं! उतार पंचेचाळीस अंशांचा किंवा त्याहून खडा असला, की थेंब एका काडीवरून दुसऱ्या काडीवर घसरत वळचणीला येतो. जाड थराची वरची इंचभरच कातडी भिजते, आतलं गवत कोरडं राहतं. उतार कमी पडला तर थेंब रेंगाळतो, आत शिरतो आणि गवत कुजतं. फोटोत छान दिसतं म्हणून सपाटसर छप्पर करणाऱ्यांना पहिल्या आषाढातच याचा पत्ता लागतो.

आणि या छपराला धूर लागतो. घराला धुराडं नाही, चुलीचा धूर माळ्यातून वर चढतो आणि गवतातून हळूहळू बाहेर झिरपतो. जाताना वासे, कारवी, बांबू, सगळ्यांवर काजळीचा थर देतो. पोखरणारे भुंगेरे अशा लाकडाच्या वाट्याला जात नाहीत. माळ्यावर ठेवलेलं बियाणंही त्यामुळे टिकतं. पण चुलीपुढे बसणाऱ्या बाईच्या छातीत तोच धूर जातो, हेही तितकंच खरं. घरात गॅस आला, डोळ्यांचं पाणी थांबलं, फार चांगलं झालं. मात्र धूर थांबल्यावर छपरातल्या बांबूचा भुसा गळायला लागतो. घराचा एक भाग बदलला की दुसरा भाग आजारी पडतो, इतकं ते एकमेकांत गुंतलेलं आहे. नव्यानं बांधणाऱ्यानं बांबू पावसाळा संपल्यावर, त्यातली साखर-पिठूळ द्रव्यं कमी असताना तोडावा, आणि बोरॅक्स-बोरिक ॲसिडच्या पाण्यात बुडवून ठेवावा. भुंगेऱ्यांना हवं असतं ते पीठ. ते पदरात पडलं नाही की ते फिरकत नाहीत.

हे सगळं लहान का? याचं उत्तर मला रायरेश्वरावर सापडतं. भोरपासून कोर्ल्याच्या बाजूनं गेलं की डोंगराच्या कड्याला लोखंडी शिडी आहे, ती चढून वर साडेचार हजार फुटांच्या आसपास एक लांबरुंद पठार लागतं. शिवरायांनी १६४५ मध्ये स्वराज्याची शपथ घेतली ती इथल्या महादेवापुढे, अशी परंपरा आहे. तिथे जंगम मंडळींची वस्ती आहे, शेती आहे, गहू पिकतो. आणि तिथलं प्रत्येक कौल, प्रत्येक पत्रा, प्रत्येक सिमेंटची गोणी कुणीतरी डोक्यावरून किंवा पाठीवरून चढवलेली आहे. अलीकडे वरच्या शेतकऱ्यांनी ट्रॅक्टर विकत घेतला, खाली त्याचे सुटे भाग केले, माणसांनी ते शिडीवरून वर नेले आणि पठारावर पुन्हा जोडला. बातमी वाचून मी किती वेळ हसत होतो! तेव्हा वर काही नेणं अशक्य नाही. पण प्रत्येक वस्तूचं वजन मानेला कळलेलं असलं की ‘हे लागतंच का?’ हा प्रश्न उपदेशातून यावा लागत नाही. ५० किलोची गोणी तो आपोआप विचारते.

जपानमध्ये कामो नो चोमेई नावाचा कवी म्हातारपणी डोंगरात जाऊन सुमारे दहा फूट चौरस झोपडीत राहिला, आणि १२१२ मध्ये त्यानं त्या राहण्याबद्दल लिहून ठेवलं. त्याची झोपडी सांधे आकड्यांनी जोडलेली होती. जागा आवडेनाशी झाली तर उकलून दोन गाड्यांत भरून न्यावी अशी. चोमेईनं घराचं माप गाड्यांत मोजलं, रायरेश्वरकरांनी मोळ्यांत. दोघांनाही चौरस फुटांची गरज पडली नाही.

वाहण्याइतकंच मोठं दुसरं माप आहे ते सांभाळण्याचं. कुडाचं घर ‘बांधून झालं’ असं कधी होत नाही. गवत वर्षा-दोन वर्षांनी बदलायचं. पावसाच्या तोंडावरच्या भिंतीला बाहेरून गवताचे किंवा पानांचे पडदे बांधायचे. पाऊस गेला की लिंपण पुन्हा करायचं. जमीन तर आठवड्याला सारवायची. हे काम माणसाच्या हाताच्या आवाक्यात राहील एवढंच घर ठेवायचं, याहून वेगळा वास्तुशास्त्राचा नियम तिथे नव्हता. आणि हात म्हणजे कुणाचे? छपराला सावड असते. आज सगळे माझ्या घरावर, उद्या मी सगळ्यांबरोबर दुसऱ्याच्या घरावर. पण सारवण आणि लिंपण हे पिढ्यान्पिढ्या बायकांनी एकट्यानं ओढलेलं काम आहे. ‘स्वतः बांधलेलं घर’ म्हणताना पुरुष बहुधा पहिल्या वर्षाबद्दल बोलत असतात. त्यापुढच्या तीस वर्षांचं सारवण कोण करणार, हे ठरल्याशिवाय मातीच्या घराच्या वाटेला जाऊ नये, असं मी स्पष्टच सांगेन.

राजगडाच्या पद्मावती माचीवर फिरताना याच गोष्टीची दुसरी बाजू दिसते. जवळजवळ पंचवीस वर्षं स्वराज्याची राजधानी असलेला हा गड. तटबंदी, बुरूज, दरवाजे उभे आहेत. घरांचे मात्र फक्त दगडी चौथरे उरलेत. लाकूड, माती, गवत, सगळं डोंगरानं परत घेतलं. ज्याची डागडुजी थांबली ते संपलं, आणि संपताना कचरा म्हणून काही मागे ठेवलं नाही.

आता पुण्याकडून येणाऱ्यांकडे वळू. अमेरिकेत २०१८ च्या इमारत-संहितेत टायनी हाऊसची व्याख्या झाली: ४०० चौरस फूट किंवा त्याहून कमी. आपल्याकडे प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाचं किमान क्षेत्र २५ चौरस मीटर, म्हणजे २६९ चौरस फूट. किमान मापानं बांधलेलं प्रत्येक घरकुल अमेरिकी संहितेत टायनी हाऊस ठरतं! फक्त त्याचे फोटो कुणी काढत नाही. आणि वेल्ह्याच्या रस्त्यावर एक मजेशीर चुकामूक चालू आहे. वाडीवरचा माणूस कुडाचं घर मोडून स्लॅबच्या घरकुलात जातोय, शहरातला माणूस स्लॅब सोडून मातीच्या घराचं स्वप्न घेऊन येतोय, आणि दोघांचं क्षेत्रफळ जवळपास सारखंच. वाडीवरच्या माणसाला नावं ठेवण्यात अर्थ नाही. दरवर्षी छपरावर चढून ज्याचे गुडघे गेलेत त्याला स्लॅब हवाच असणार.

शहरातून येणाऱ्यांचा एक आवडता पर्याय म्हणजे जुना मालवाहू कंटेनर. पत्र्याची पेटी, उन्हाळ्यात तापणारी, चार महिन्यांच्या पावसात गंजणारी आणि क्रेनशिवाय न हलणारी. ती या घाटात कुणाला सुचते हे मला न सुटलेलं कोडं आहे.

मराठी माणसानं हा मार्ग याआधी नीट विचार करून चालून पाहिलेला आहे. ‘निसर्गायण’ लिहिणारे दिलीप कुलकर्णी टेल्कोतले अभियंते. नोकरी सोडली, विवेकानंद केंद्राचं काम केलं आणि नव्वदच्या दशकात पत्नी पौर्णिमा यांच्यासह दापोली तालुक्यातल्या कुडावळ्याला राहायला गेले. ‘गतिमान संतुलन’ हे मासिक तिथूनच निघालं. त्यांच्या लिखाणात घराच्या मापापेक्षा गरजांचा हिशेब मोठा आहे. त्याआधी १९३६ मध्ये गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावात, म्हणजे पुढच्या सेवाग्रामात, राहायला गेले तेव्हा झोपडी तिथल्याच सामानाची आणि तिथल्याच कारागिरांच्या हातची असावी असा त्यांचा आग्रह होता. लॉरी बेकर हा इंग्रज वास्तुविशारद आयुष्यभर गांधीजींचं एक म्हणणं सांगत राहिला: घराचं सामान पाच मैलांच्या आत मिळावं.

पाच मैलांची अट वेल्ह्यात आज कशी पाळायची? कारवी राखीव जंगलात आहे, ती मनाला येईल तशी तोडता येत नाही, आणि येऊही नये. पुण्यातल्या प्रत्येक हौशी माणसानं कुड घालायचा ठरवला तर आठ वर्षं मोजायला डोंगरावर कुणी उरणार नाही. त्याऐवजी बांबू आहे. २०१७ मध्ये वन कायद्यात बदल झाला आणि जंगलाबाहेर वाढलेला बांबू ‘झाड’ या व्याख्येतून बाहेर पडला, त्यामुळे शेताच्या बांधावर लावलेला बांबू तोडायला आता आडकाठी नाही. त्याच्या चिवाट्या विणून वर तेच तांबड्या मातीचं लिंपण. माती पायाखालची, पेंढा शेजारच्या खाचरातला.

पाण्याचा हिशेब तर थक्क करणारा आहे. त्या ३०० फुटी घराच्या वळचणी तीन-तीन फूट बाहेर काढल्या (काढायलाच हव्यात, नाहीतर मातीची भिंत भिजते) तर छप्पर ५४६ चौरस फुटांवर पसरतं. त्यावर तीन हजार मिलिमीटर पाऊस म्हणजे दीड लाख लिटर पाणी. दहा हजार लिटरचे पंधरा टँकर, एका चिमुकल्या छपरावर! आणि याच डोंगरातल्या वाड्यांवर चैत्र-वैशाखात बायका हंडा घेऊन झरा गाठतात. जलजीवन मिशनच्या माणशी ५५ लिटर रोज या मापानं दोघांना आठ कोरड्या महिन्यांत २६ हजार लिटर पुरतं. छप्पर कौलाचं किंवा पत्र्याचं असलं तर (गवतावरून आलेलं पाणी पिण्याजोगं नसतं) एवढं पाणी घरबसल्या मिळतं. अडचण साठवणीची. २६ हजार लिटरची टाकी दहा बाय दहाच्या खोलीएवढी होते. घर लहान करता येतं, टाकी करता येत नाही. गडांवर खडकात खोदलेली टाकी पाहताना हेच गणित डोळ्यांपुढे येतं: चार महिने भरा, आठ महिने प्या. आधी पाणी, मग वाडा.

कायद्याचं गणित उलटं चालतं. १९४८ च्या कुळकायद्यानं शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते, आणि फार्महाऊस म्हणून बांधायचं तर किमान ०.४ हेक्टर, म्हणजे एकरभर जमीन लागते. तीनशे चौरस फुटांच्या घराला त्रेचाळीस हजार चौरस फुटांचं अंगण! साधेपणाची ही किंमत सातबाऱ्यावर दिसते, फोटोत दिसत नाही. त्यातून वाट काढायला डोंगरउतार कापून पायऱ्या-पायऱ्यांचे प्लॉट पाडले जातात, आणि माझी खरी भीती तीच आहे. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यात माळीण डोंगराखाली गेलं, दीडशेहून अधिक माणसं गेली. तुमचं घर साडेपाच टनांचं असेल, पण त्यासाठी जेसीबीनं उताराचा पाय कापला तर वरचा डोंगर काही त्याच मापाचा नसतो. पाण्याची जुनी वाट बुजली की पाणी मातीत मुरत राहतं, माती जड होते आणि एका रात्री सुटते.

म्हणून जागा बघायला दिवाळीनंतर जाऊ नये. तेव्हा गवत सोनेरी असतं, हवा गोड असते आणि दलाल उत्साहात असतो. आषाढात जावं, पाऊस आडवा मारत असताना. वाडीत चार दिवस मुक्काम करावा. पाणी कुठून येतं, कुठे वळतं, कुठे दिसेनासं होतं, हे उतारावर उभं राहून बघावं. मग एखाद्या जुन्या माणसाला दोन गोष्टी विचाराव्यात: इथली जुनी घरं नेमकी कुठे होती, आणि एवढी सपाट, देखणी जागा समोर असून तिथे कुणीच घर का नाही बांधलं.